प्रभागाची सीमा बंद खोलीत आखू नका : राज्य निवडणूक आयोग आणि नगरविकास विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र
मा. सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन
विधानसभा व विधान परिषदेचे सर्व मा. सदस्य

विषय : 2027 च्या जनगणनेनंतरची प्रभागरचना आणि तिची आत्ताच करायची तयारी

महोदय,

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झाले. मार्च 2022 पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या पुणे महापालिकेत पुन्हा ‘माननीय’, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक, आले. एवढे झाल्यावर प्रभागरचनेची फाईल कपाटात जाते आणि पुढच्या सभागृहाची मुदत संपत आली की घाईघाईने बाहेर काढली जाते. मग कोर्ट, स्थगिती, अध्यादेश, पुन्हा कोर्ट. ती फाईल यंदा कपाटात जाऊ नये म्हणून हे पत्र निवडणूक संपल्यावर लिहीत आहोत. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. पुढची प्रभागरचना ज्या आकड्यांवर होईल त्या जनगणनेची घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात होते आहे आणि लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. प्रभाग ज्या विटांनी बांधले जातात ते प्रगणक गट, म्हणजे एकेका प्रगणकाला मोजायला दिलेले भाग, याच काळात पडतात. ते चुकीचे पडले तर 2030 मध्ये कितीही सुनावण्या घेतल्या तरी उपयोग नाही.

आम्ही पुणे महापालिकेच्या हद्दीत राहतो, मिळकतकर भरतो आणि प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली की नकाशा व चतुःसीमा समोर ठेवून तपासायला बसतो. आमचा प्रभाग कुठून कुठे जातो यावर आमच्या कचऱ्याची गाडी, नालेसफाई, ‘स यादी’तली (नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली) कामे आणि तक्रार कोणाच्या दारात न्यायची हे सगळे ठरते. पत्रात उदाहरण पुण्याचे आहे, कारण ते आम्हाला बारकाईने माहीत आहे. मुंबई वगळता इतर शहरांतली गत फार वेगळी नाही.

आधी गणित मांडतो, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 5 नुसार 30 लाख लोकसंख्येला 161 नगरसेवक आणि त्यापुढच्या प्रत्येक 1 लाखाला एक. पुण्याची, समाविष्ट गावे धरून, 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या 34 लाख 81 हजारांच्या आसपास. म्हणून 161 अधिक 4, एकूण 165. एका नगरसेवकामागे सुमारे 21,100 लोक आणि चार सदस्यांच्या प्रभागाला सुमारे 84,400. नियम यात 10 टक्के कमी-जास्त चालवून घेतो, म्हणजे प्रभाग साधारण 75,960 ते 92,840 यांच्यामध्ये कुठेही बसू शकतो. शेजारशेजारच्या दोन प्रभागांत सतरा हजारांचा फरक पडला तरी तो नियमात बसतो. 165 ला 4 ने भागले की बाकी 1 उरते. ती बाकी आंबेगाव-कात्रज भागातल्या 38 क्रमांकाच्या प्रभागाच्या पदरात पडली. तिथे पाच सदस्य आहेत आणि सूत्राप्रमाणे लाखाहून अधिक लोकसंख्या. असे झाले 41 प्रभाग.

हे सगळे 2011 च्या आकड्यांवर. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे यात आयोगाचा किंवा नगरविकास विभागाचा दोष नाही, हे आम्ही मान्य करतो. पण त्याचा परिणाम काय झाला ते बघा. 2025 च्या अखेरीस पुणे महापालिकेच्या यादीत मतदार होते सुमारे 35 लाख 51 हजार. म्हणजे ज्या लोकसंख्येवर प्रभाग पाडले, तिच्यापेक्षा नुसते मतदारच जास्त. तान्ह्या मुलांपासून सगळे धरून 34.8 लाख आणि अठरा वर्षांवरचे 35.5 लाख! यादीतली दुबार नावे काढून टाकली तरी हा हिशोब बसत नाही. आणि ही वाढ शहरभर सारखी झालेली नाही. कसबा, नाना पेठ, भवानी पेठ या भागांत चौदा वर्षांत जे झाले आणि वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी बुद्रुक या 30 जून 2021 ला शहरात आलेल्या गावांत जे झाले, त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. कागदावर दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसलेले दोन प्रभाग प्रत्यक्षात एकमेकांच्या दुपटीजवळ जाऊ शकतात. नियम पाळला गेला, समान प्रतिनिधित्व मात्र मिळाले नाही.

आता प्रगणक गटाविषयी, कारण लोकांचा राग सीमेवर असतो आणि सीमेचे मूळ इथे असते. जनगणनेत एका प्रगणकाला साधारण 600 ते 800 लोकसंख्येचा गट दिला जातो. चार सदस्यांच्या प्रभागात असे सव्वाशेच्या आसपास गट येतात. प्रभागरचनेच्या सूचना सांगतात की गट फोडायचा नाही. पूर्ण गट उचलून या किंवा त्या प्रभागात टाकायचा. हे बरोबरच आहे, कारण गटाच्या आत कोण कुठे राहतो याचा आकडा उपलब्ध नसतो. अडचण अशी की 2011 च्या गटाची हद्द 2010-11 च्या नजरी नकाशावर काढलेली आहे. गावठाणाबाहेर ती शेताच्या बांधावरून, विहिरीवरून, पाणंदीवरून जाते. आज तिथे बांध नाही, बारा मजली इमारती आहेत. मग प्रभागाची सीमा जुन्या गटाच्या हद्दीवरून नेली की ती एका गृहसंकुलाच्या दोन विंगच्या मधून जाते, आणि समोरचा साठ फुटी रस्ता, जो खरे तर स्वाभाविक सीमा आहे, तो प्रभागाच्या पोटात राहतो. ‘इमारतीचे विभाजन होऊ नये’ अशी सूचना त्याच आदेशात असते. दोन्ही सूचना एकाच वेळी पाळणे अशा ठिकाणी शक्यच नाही. सीमा आखणारा कर्मचारी मग जो निर्णय घेतो तो कुठेच नोंदला जात नाही.

इथे आमची मुख्य तक्रार येते. प्रारूप जाहीर होते तेव्हा सामान्य नागरिकाच्या हातात पडतात तीन गोष्टी : एक नकाशा, उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम अशी चतुःसीमा आणि प्रभागाची एकूण, अनुसूचित जातीची व अनुसूचित जमातीची लोकसंख्या. नकाशा पीडीएफ असतो, मोठा केला की अक्षरे फुटतात. चतुःसीमेत ‘नाल्याने पुढे जाऊन रस्त्यास मिळेपर्यंत’ असे लिहिलेले असते, आणि त्या भागात नाले तीन असतात. अशा स्थितीत हरकत कशी घेणार? ‘आमची वस्ती शेजारच्या प्रभागात टाका’ एवढेच म्हणता येते, आणि अशी हरकत फेटाळणे अगदी सोपे. नेमकी हरकत अशी असायला हवी : अमुक क्रमांकाचे चार गट, एकूण लोकसंख्या 2,700, या प्रभागातून काढून त्या प्रभागात टाकावेत, पहिला प्रभाग 86,000 वर येतो, दुसरा 81,500 वर जातो, दोन्ही मर्यादेत राहतात, आणि सीमा बंगल्यांच्या आडव्या गल्लीऐवजी कालव्यावर येते. असे लिहायला गटनिहाय लोकसंख्या आणि गटांच्या हद्दी नकाशावर लागतात. त्या तुमच्याकडे असतात, कारण त्यांच्याशिवाय प्रभाग पाडताच येत नाही. हरकत घेणाऱ्याला मात्र त्या बघायलाही सहज मिळत नाहीत.

गोपनीयतेचे कारण आम्हाला ठाऊक आहे. प्रारूप जाहीर होईपर्यंत कच्चा नकाशा फुटू नये, हे ठीक. पण पुण्यात कच्चे नकाशे कोणाच्या खिशात आधी पोहोचतात हे चहाच्या टपरीवरही माहीत असते. गोपनीयता फक्त मतदारासाठी उरते. प्रारूप जाहीर झाल्यानंतर तर गोपनीय ठेवण्यासारखे काहीच राहत नाही, तेव्हा गटांची माहिती त्याच दिवशी खुली करायला हरकत कोणती?

सीमा म्हणून नाला घेण्याविषयी थोडे वेगळे बोलायचे आहे. नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता, उड्डाणपूल या स्वाभाविक सीमा मानाव्यात असे सूचना सांगतात. मुळा-मुठेसाठी, रेल्वेसाठी, बाह्यवळण महामार्गासाठी ते योग्यच आहे, कारण लोकांचे येणे-जाणे तिथे खरोखर अडते. ओढ्याचे तसे नसते. ओढ्याच्या मध्यरेषेवर सीमा टाकली की त्याचा एक काठ एका प्रभागात आणि एका क्षेत्रीय कार्यालयात, दुसरा काठ दुसऱ्यात. सीमाभिंत कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, राडारोडा टाकणाऱ्यावर कारवाई कोणी करायची, यात दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते या शहराने पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच की लहान ओढे दोन्ही काठांसह एकाच प्रभागात घ्यावेत आणि सीमा पाणलोटाच्या उंचवट्यावरच्या रस्त्याने न्यावी. सूचनांमध्ये एक वाक्य वाढवले की हे होईल.

सदस्यसंख्येचा खेळ आता थांबायला हवा. 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. नंतर कायदा बदलून एक, सप्टेंबर 2021 मध्ये तीन, 2022 मध्ये पुन्हा चार. 2022 च्या तीन सदस्यीय रचनेत पुण्यात 173 जागा आणि 58 प्रभाग होते. ती रचना प्रारूप, हरकती, सुनावणी असे सगळे सोपस्कार होऊन बाद झाली. मुंबईत 227 चे 236 आणि 236 चे पुन्हा 227. सत्तेत कोण होते हे इथे मुद्दाम लिहीत नाही. यादी वाचली की कळते, सगळ्यांनी आपापल्या पाळीला हेच केले आहे.

चार सदस्यांच्या प्रभागाचे समर्थन आम्ही नीट ऐकले आहे : महिला आणि मागास प्रवर्गांच्या जागा एकाच प्रभागात सामावतात, कोणताही प्रभाग पूर्णपणे आरक्षित होत नाही, मोठी कामे एकत्र होतात. पहिले दोन मुद्दे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पण मग मुंबईला एक सदस्यीय प्रभाग का पुरतो, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही. मुंबईत 1 कोटी 24 लाख लोकसंख्येला 227 प्रभाग, म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे 54,800 लोक. तरीही तो कोणाचा प्रतिनिधी आहे हे प्रत्येकाला माहीत असते. पुण्यात चार जण मिळून 84 हजारांचे. प्रभागातल्या चार जागांना अ, ब, क, ड गट म्हणतात. ड्रेनेज तुंबले की अ गटाचे माननीय म्हणतात ते काम क गटाने घेतले आहे. मतदानाच्या दिवशी मतदाराने अ, ब, क, ड अशा चारही गटांत बटण दाबल्याशिवाय त्याचे मतदान पूर्ण होत नाही. अपक्षाला 84 हजारांच्या प्रभागात घरोघर पोहोचायचे तर पक्षाचे पॅनल असलेल्या चौघांइतकाच पल्ला एकट्याने गाठावा लागतो. 2009 मध्ये याच अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद झाली : काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र आणि त्याची सभा नगरसेवकाने घ्यायची. चार नगरसेवकांत क्षेत्र वाटायचे कसे, हा प्रश्न आजही लोंबकळतो आहे आणि क्षेत्रसभा कागदावरच आहे.

आखण्याचा अधिकार कोणाकडे, हा सगळ्यात मूळ प्रश्न. मार्च 2022 पर्यंत प्रभागरचना राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत होती. त्या महिन्यात विधिमंडळाने कायदा बदलून ती सरकारकडे घेतली. 4 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्चपूर्वीच्या रचनेनुसार पुढे जायला सांगितले, पुढे सदस्यसंख्या पुन्हा बदलली, ‘जैसे थे’चा आदेश आला, आणि 6 मे 2025 ला न्यायालयाने निवडणुका घ्यायचा आदेश दिला तरी निवडणूक होईपर्यंत शहरे प्रशासकांच्या हाती राहिली. 2025 ची साखळी अशी होती : आयुक्तांनी मसुदा करायचा, नगरविकास विभागाने तपासायचा, आयोगाने मान्यता द्यायची. त्या वेळी आयुक्तच प्रशासक होते आणि प्रशासक नेमतो कोण, तर राज्य सरकार. म्हणजे मसुदा करणारा आणि तपासणारा एकाच घरचे. आयोगाकडे फाईल पोहोचेपर्यंत प्रत्येक रेघ दोनदा ओढून झालेली असते. लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघांचे परिसीमन स्वतंत्र आयोग करतो. केरळात स्थानिक संस्थांच्या प्रभागांसाठीही राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग असतो, आणि ताज्या फेरीत तिथे नकाशे डिजिटल पद्धतीने तयार झाले. महाराष्ट्राला हे जमणार नाही असे मानायला कारण नाही.

हरकतींच्या मुदतीविषयी लिहायलाच हवे. पुण्याचे प्रारूप 22 ऑगस्ट 2025 ला आले आणि हरकती 4 सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या होत्या. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला. पुण्यात या दहा दिवसांत महापालिकेत जाऊन नकाशा बघा, गट मोजा, हरकत लिहा, असे ज्याने ठरवले तो एक तर पुण्यात राहत नसावा किंवा फारच चांगला राहत असावा. तरीही 5,900 हून अधिक हरकती आल्या. त्यांची सुनावणी दोन दिवसांत उरकली. एकाच आशयाच्या हरकती एकत्र घेतल्या असे धरले तरी प्रत्येकीच्या वाट्याला किती मिनिटे आली असतील? त्याहून गंभीर म्हणजे हरकत का मान्य झाली किंवा का फेटाळली याची कारणे हरकतदाराला लेखी मिळायला हवीत. ‘अंशतः मान्य’ या दोन शब्दांतून काहीही कळत नाही. आणि एकाच्या हरकतीवरून सीमा हलली की शेजारच्या प्रभागातल्या ज्या वस्तीला फटका बसतो, तिला बोलायची संधीच नसते. अंतिम राजपत्र आल्यावरच तिला समजते, आणि तोवर संविधानाच्या 243-झेडजी अनुच्छेदामुळे न्यायालयाची वाटही जवळजवळ बंद झालेली असते.

मतदारयादी हे याच दुखण्याचे शेपूट आहे. प्रभाग जनगणनेच्या गटांवर पडतात आणि याद्या विधानसभेच्या यादी भागांवरून (मतदारयादीच्या मतदान केंद्रनिहाय तुकड्यांवरून) फोडल्या जातात. गट आणि यादी भाग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक यादी भाग दोन प्रभागांत जातो तेव्हा कर्मचारी पत्त्यावरून नावे वेगळी करतो, आणि पत्ता ‘स. नं. 45, धायरी’ एवढाच असला तर अंदाजाने. एक चूक झाली की अख्खी इमारत पलीकडच्या प्रभागात मतदान करते. 2025 मध्ये प्रारूप यादी 20 नोव्हेंबरला आली, हरकतींना आधी एक आठवडा होता, तो 3 डिसेंबरपर्यंत वाढवावा लागला. यादी फोडताना काय होते हे माहीत असलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटले नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

प्रभागरचनेचा पूर्ण अधिकार कायद्याने राज्य निवडणूक आयोगाकडे, किंवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र परिसीमन आयोगाकडे द्यावा. महानगरपालिका अधिनियम आणि 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम, दोन्हींत दुरुस्ती लागेल. सरकारने फक्त एकूण जागांचे सूत्र ठरवावे.

प्रभागात सदस्य किती, हे एकदा ठरवून कायद्यात लिहावे, आणि सभागृहाची मुदत संपायच्या आधीच्या 24 महिन्यांत त्यात किंवा जागांच्या संख्येत बदल करता येणार नाही अशी तरतूद त्याच कलमात घालावी. आत्ताच्या सभागृहाची मुदत 2031 च्या सुरुवातीला संपते, म्हणजे हे काम 2028 संपेपर्यंत व्हायला हवे. ‘प्रभागरचना चालू आहे’ हे निवडणूक लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये किशनसिंग तोमर खटल्यातच सांगितलेले आहे.

जनगणनेचे गट पाडताना महापालिकेच्या चार्ज अधिकाऱ्यांना (जनगणनेचे स्थानिक काम सांभाळणाऱ्यांना) लेखी सूचना द्यावी की गटाची हद्द आज जमिनीवर दिसणाऱ्या रस्त्यावरून किंवा कुंपणावरून जावी, गृहसंकुल फुटू नये आणि आत्ताच्या प्रभागाची सीमा गटाच्या पोटातून जाऊ नये. या जनगणनेत इमारतींची नोंद नकाशावरच्या बिंदूसह होते आहे, त्यामुळे हे शक्य आहे. ही मागणी इतर कशासाठीही थांबू शकत नाही.

प्रारूपासोबत त्याच दिवशी संकेतस्थळावर प्रगणक गटांच्या हद्दी, प्रत्येक गटाची एकूण व अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या आणि प्रभागांच्या सीमा केएमएल किंवा शेपफाईल स्वरूपात, म्हणजे संगणकावर नकाशा म्हणून उघडता येतील अशा फाईलमध्ये, द्याव्यात. पीडीएफ हवे तर तेही द्या. प्रत्येक गटाला कोणते यादी भाग लागतात याचा तक्ता जोडावा.

हरकतींना सलग 30 दिवस, गणेशोत्सव, नवरात्र व दिवाळी टाळून. पहिल्या सुनावणीनंतर सुधारित प्रारूप पुन्हा जाहीर करावे, आणि ज्या सीमा हलल्या फक्त त्यांच्यावर 10 दिवसांत प्रतिहरकती घ्याव्यात. प्रत्येक हरकतीवर कारणांसहित आदेश द्यावा आणि तो संकेतस्थळावर टाकावा.

क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दी प्रभागांच्या सीमांशी जुळवाव्यात, एकही प्रभाग दोन कार्यालयांत विभागला जाऊ नये. लहान ओढ्यांविषयीची सूचना वर लिहिलीच आहे.

यातल्या तिसऱ्या मागणीवर, म्हणजे प्रगणक गटांच्या हद्दींवर, महापालिकेला पाठवलेल्या सूचनेची प्रत घरयादीचे काम संपण्याआधी जाहीर करावी. बाकीच्यांवर विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात काय करणार, ते लेखी कळवावे.

आपले,
पुणे महापालिका हद्दीतील काही मतदार

प्रत : आयुक्त, पुणे महानगरपालिका, संचालक, जनगणना कार्य, महाराष्ट्र, पुणे महापालिकेचे सर्व 165 मा. सदस्य